निकमनानांच्या वाढत्या चौकड्या

निकमनानांच्या शर्टावरच्या चौकड्या दरवर्षी वाढतात.

संख्येने नव्हे, आकाराने. मी सातपूरच्या आमच्या कारखान्यात लागलो तेव्हा नानांच्या शर्टावरची चौकडी तांदळाच्या दाण्याएवढी होती. चार पावलं मागे सरकून पाहिलं तर शर्ट सरळ राखाडी वाटायचा. पुढे ती हरभऱ्याएवढी झाली. मग पोस्टाच्या तिकिटाएवढी. मग मध्यंतरी एक काळ असा आला की नानांचा शर्ट आणि कँटीनमधल्या टेबलावरचं कापड यांत फरक एवढाच, की कापडाला खिसा नव्हता. आणि अलीकडे तर नाना शॉपमधून, म्हणजे मशीनांच्या खात्यातून, चालत येऊ लागले की सारीपाट उठून चालत येतोय असं वाटतं. लाल-काळी, निळी-पिवळी, हिरवी-पांढरी. रंग बदलतात, चौकडी सुटत नाही. लग्नाला चौकडी, दहाव्याला चौकडी, सव्वीस जानेवारीच्या झेंड्याला सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभे आणि मधोमध नानांची चौकडी.

या प्रकाराबद्दल कारखान्यात वेगवेगळी मतं होती. कुणी म्हणे त्यांना ज्योतिषाने सांगितलंय. कुणी म्हणे निकमकाकूंच्या माहेरचं कापडाचं दुकान बुडालं आणि माल यांच्या गळ्यात पडला. पेंट शॉपमधल्या एका हुशार माणसाचं म्हणणं असं, की नानांना लांबचं कमी दिसायला लागलंय, म्हणून आरशात स्वतःला शोधायला सोपं जावं एवढ्यासाठी हा उद्योग. दिवाळीनंतर नाना नवा शर्ट घालून आले की सगळ्यांचं काम जरा वेळ थांबायचं. नाना एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, की लोक माना हलवायचे, "वाढली" म्हणायचे आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं.

नाना या सगळ्याला हसायचे. म्हणजे हसत असावेत. त्यांची मिशी भरघोस आहे आणि तिच्याखाली काय चाललंय हे बाहेरून कळत नाही.

दौलत निकम हे त्यांचं पूर्ण नाव. काम क्वालिटीत. तयार झालेला प्रत्येक पार्ट त्यांच्या टेबलावर येतो, नाना तो उलटसुलट करतात, मापाचा कॅलिपर लावतात, आणि मग दोनच गोष्टी होतात. एक तर तो लाल पेटीत पडतो, नाही तर नाना म्हणतात, "टॉलरन्समध्ये हाय." ठरलेल्या मापापेक्षा केसभर कमी-जास्त चालून जातं, त्या चालून जाण्याला आमच्या धंद्यात टॉलरन्स म्हणतात. नानांनी तो शब्द धंद्याबाहेर काढून सगळ्या जगाला लावला. कँटीनचा चहा टॉलरन्समध्ये असतो किंवा नसतो. पाऊस टॉलरन्समध्ये पडतो. त्यांच्या मुलीला पाहायला आलेला पहिला मुलगा टॉलरन्समध्ये नव्हता, दुसरा बसला. आमच्या मालकांच्या वडिलांना देवाज्ञा झाली, वय नव्वदीच्या पुढे. स्मशानातून परत येताना नाना माझ्या कानाशी म्हणाले, "टॉलरन्समध्ये गेले."

कानाशीच म्हणाले, कारण नानांचा आवाज. शॉपमध्ये प्रेस मशीनच्या धडधडाटात उभा जन्म गेलेली माणसं घरीसुद्धा ओरडून मीठ मागतात. नानांचं उलटं झालं. मशीनपुढे आपलं काही चालायचं नाही हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं असावं आणि आवाजाचा नादच सोडून दिला असावा. ते जवळ येतात, मान तिरकी करतात आणि कानात बोलतात. मोठ्याने बोला म्हटलं तर जरा आणखी जवळ येतात.

आता मुख्य गोष्ट.

मागच्या वर्षी आमच्या मालकांची कन्या पुण्याहून शिकून आली आणि कारखान्याचा कारभार बघू लागली. मॅडम हुशार, कामसू आणि माणसांत मिसळणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या ठरवलं की कंपनीच्या वेबसाइटवर आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर माणसं दिसली पाहिजेत. आजवर आमच्या कॅलेंडरवर गिअर आणि फ्लँज, म्हणजे पाइप जोडायच्या लोखंडी चकत्या, असायचे. जानेवारीत फ्लँज, फेब्रुवारीत दुसरा फ्लँज. ते बघून आमच्या बायका कॅलेंडर भिंतीकडे तोंड करून लावायच्या आणि मागच्या बाजूला दुधाचा हिशोब लिहायच्या. तर आता प्रत्येक महिन्याला एक खातं आणि त्या खात्यातल्या सगळ्यांचे व्यवस्थित, व्यावसायिक फोटो. सोमवारी गंगापूर रोडवरून फोटोग्राफर येणार, कँटीनमध्ये पडदा लावणार.

प्रशासन माझ्याकडे. म्हणजे माणसांनी काय घालून यायचं हे सांगण्याचं पापही माझ्याकडे. फोटोग्राफरच्या सूचना विचारून मी परिपत्रक काढलं. कॉलरचा शर्ट, इस्त्री केलेला, एकरंगी. भडक नको, नक्षी नको, चट्टेपट्टे नकोत, चौकडी नको. शेवटचे दोन शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं हे सांगायला नको.

फोटोसाठी काय घालावं हा प्रश्न माणसाच्या डोक्यात शिरला की माणूस माणसात राहत नाही. एरवी ग्रीस लागलेल्या पँटला हात पुसणारे लोक मला कँटीनमध्ये गाठून विचारू लागले की आकाशी बरा की मोरपंखी. अकाउंट्समधल्या सोनवण्यांनी लग्नातला सूट पेटीतून काढला. लग्नाला बरीच वर्षं झालेली, सूट तेवढाच राहिलेला आणि सोनवणे राहिले नव्हते. त्यांनी कोटाचं बटण न लावता तो हाताने धरून ठेवायचं ठरवलं. असेंब्लीतल्या बायकांनी बैठक घेऊन सगळ्यांनी जांभळंच नेसायचं असा ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडण होऊन तो मागे घेतला. मी वरवर सगळ्यांना हसत होतो. माझ्या घरी मात्र बायकोने पलंगावर चार शर्ट मांडून ठेवले होते आणि मी एकेक छातीला लावून आरशापुढे तिरका उभा राहत होतो.

परिपत्रक लागलं त्या दिवशी दुपारी नाना माझ्या टेबलापाशी आले. मान तिरकी केली.

"साहेब, चौकडी नाय चालणार?"

मी म्हटलं, नाना, त्यात लिहिलंय. ते मान डोलावून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. फोटो केवढा छापणार, म्हणाले. मी सांगितलं, पोस्टकार्डाएवढा. मग नुसतं तोंड की शर्टही, असं विचारलं. छातीपर्यंत, मी म्हटलं. खिसा येईल का? येईल बहुतेक. नानांनी खिशातून स्टीलची छोटी पट्टी काढली, माझ्या टेबलावरच्या एका पोस्टकार्डावर ठेवली, काहीतरी मोजलं आणि चेहरा जरा उजळला. मग म्हणाले, "एक मोठी चौकडी बसंल त्याच्यात. दीड बसंल."

मला आता मौज वाटेनाशी झाली होती. सगळ्या कारखान्याला नियम आणि या एका माणसाला चौकडी, असं कसं चालेल? उद्या सोनवणे म्हणतील मी टोपी घालतो. मी जरा चढ्या आवाजात सांगितलं की नाना, एक दिवस साधा शर्ट घातला तर काय आभाळ कोसळणार आहे? नानांनी पट्टी खिशात ठेवली. मग "बरं" म्हणाले आणि गेले. तो "बरं" मला ओठांच्या हालचालीवरून कळला.

नानांनी खरोखरच फिकट निळं कापड घेतलं आणि शिवायला टाकलं. त्यांचा शिंपी सातपूर गावातला, जुना. चौकडीच्या शर्टात शिंप्याची परीक्षा खिशावर होते. खिशावरची चौकडी शर्टावरच्या चौकडीत अशी मिसळली पाहिजे की खिसा आहे हे पेन अडकवल्यावरच कळावं. नाना शर्ट ताब्यात घेताना खिशाला कॅलिपर लावतात आणि जुळला नसेल तर शर्ट रिजेक्ट करतात. त्या धास्तीत इतकी वर्षं काढलेला तो शिंपी साधं निळं कापड बघून बावरला. त्याने टेप गळ्यात तशीच ठेवून नानांना विचारलं म्हणे, घरी सगळं ठीक आहे ना?

फोटोच्या आधीचा शनिवार. आमच्या औद्योगिक वसाहतीला सुट्टी शनिवारची. मला सटाण्याला एका लग्नाला जायचं होतं आणि नाना दर शनिवारी आईला भेटायला गावी जातात हे मला माहीत होतं. त्यांचं गाव सटाण्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. मी म्हटलं, बसने कशाला जाता, चला माझ्याबरोबर. आणि एक अटही घातली, की येताना तो निळा शर्ट घालून या, मला बघायचाय. माझा नानांवर विश्वास नव्हता असं नाही, त्यांच्या चौकडीवर नव्हता.

सकाळी अशोकनगरच्या कोपऱ्यावर नाना उभे होते आणि मी गाडी त्यांच्यापुढून तशीच पुढे नेली. खरंच सांगतो, ओळखलंच नाही. निळ्या शर्टातले नाना कुणी दुसरेच होते, बँकेत पासबुक भरायला आलेले कुणी गृहस्थ. मागे आरशात मिशी दिसली तेव्हा ब्रेक लावला. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. बसल्यावर ती त्यांनी मांडीवर घेतली. शर्ट छान दिसतोय, मी म्हटलं. "टॉलरन्समध्ये हाय," नाना म्हणाले, पण त्यात दम नव्हता.

चांदवडच्या अलीकडे मिसळ खायला थांबलो. मी लग्नासाठी मोतिया रंगाचा शर्ट घातला होता, चार शर्टांतून निवडलेला, फोटोसाठीही तोच ठरलेला. आणि पांढऱ्या शर्टात मिसळ खाऊ नये हे ज्याला वयाच्या पन्नाशीत कळत नाही त्याचं जे व्हायचं ते झालं. वाढणाऱ्याने जादा रस्सा ओतला, मी वाटी ओढली, आणि गळ्यापासून पोटापर्यंत लाल तर्रीचा ओघळ. मी पाण्याने चोळलं, लिंबू चोळलं. जितकं चोळलं तितका तो डाग ऐसपैस झाला. लग्न तासाभरावर आलेलं, दुकानं अजून उघडायची होती.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग पिशवीकडे बघितलं. मग पिशवीतून एक घडी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

लाल-काळी चौकडी. त्या वर्षीची, म्हणजे सगळ्यांत मोठी.

मी म्हटलं, नाना, तुम्ही हा बरोबर कशाला बाळगता? असाच, ते म्हणाले. दुसरं काय करणार, मी हॉटेलच्या मोरीपाशी जाऊन तो घातला. आरशात बघवेना. पण कापड मऊ होतं, इस्त्री कडक होती आणि खिसा कुठे आहे ते मला चाचपून शोधावं लागलं.

गाव जवळ आलं तसे नाना अस्वस्थ झाले. म्हणाले, मला फाट्यावरच सोडा, जाईन चालत. मी म्हटलं, तुमचा शर्ट अंगात घालून तुम्हाला उन्हात चालवू का? दारापर्यंत सोडतो, आईंना नमस्कार करतो आणि जातो. त्यांनी दोनदा नको म्हटलं, मी ऐकलं नाही. त्यांचं नको तरी कुणाला ऐकू जातं?

गल्ली अरुंद होती. गाडी तोंडाशी लावून मी उतरलो आणि पुढे निघालो. नाना मागे पिशवी शोधत राहिले. गल्लीच्या टोकाला स्लॅबचं साधं घर, पुढे ओटा, ओट्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसलेली. मी अजून तिच्यापासून बराच लांब होतो. तिने मान वर केली, हातातला लसूण ताटात टाकला आणि त्यांच्या अहिराणीत, आलास का म्हणून, खणखणीत हाक मारली,

"उना का रे दौलत?"

शेजारच्या ओट्यावर दोन बायका होत्या, त्यांच्याकडे वळून तिने ऐटीत मान उडवली. बघा, मीच आधी बघितलं, अशी. मी थांबलो. मागे वळून पाहिलं तर नाना गाडीच्या दाराशी उभे होते आणि मला हाताने खुणावत होते, जा, पुढे जा.

मी गेलो. वाकून नमस्कार केला. म्हातारीने माझं तोंड दोन्ही हातांत घेतलं. हातांना लसणाचा वास होता. गालावरून बोटं फिरवत ती नाकाखाली आली आणि थबकली.

"मिशी कोठे गई तुनी?"

तेवढ्यात मागून नाना आले आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, "माय, मी आठे शे." मी इथे आहे.

माझ्या गालावरचे हात तसेच राहिले. म्हातारी एकदा आवाजाकडे वळली, एकदा माझ्याकडे. तिचे डोळे माझ्यावर होते आणि मला बघत नव्हते, हे मला तेव्हा समजलं. नानांचा चेहरा मी बघितला. आजवर कुठलाही पार्ट लाल पेटीत टाकताना तो तसा झाला नव्हता.

मग म्हातारीने माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली, डोळ्यांजवळ नेली आणि खडसावून विचारलं, "मनी नजर बरोबर शे. शर्ट तुनाच शे का नही?"

नाना म्हणाले, "मनाच शे, माय."

"मग? आपला शर्ट दुसराले कसाले दिना?"

म्हणजे चूक तिच्या डोळ्यांची नव्हतीच. चूक तिच्या पोराची, स्वतःचा शर्ट परक्याला देऊन आईला फसवणाऱ्या. शेजारच्या बायका हसल्या, म्हातारी हसली, नानांची मिशी हलली. मी तर इतका मोठ्याने हसलो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. मग लग्नाला उशीर होत असूनही बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ल्याशिवाय तिने मला सोडलं नाही.

नाना मला गाडीपर्यंत पोचवायला आले. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी सांगितलं, नेहमीसारखंच, कानात. आईचा मोतीबिंदू काढला होता, पण मागचा पडदाच झिजत चाललेला. नाशकातल्या डॉक्टरांनी आहे तेवढंच आता, असं सांगितलं. तिला मात्र कुणी सांगितलं नाही. तिचा आपला जुना नेम, दौलत फाट्यावर बसमधून उतरून गल्लीत शिरला की त्याला आधी तिने हाक मारायची. तो शाळेतून यायचा तेव्हापासूनचा. गावात सगळ्यांच्या अंगात पांढरं, धाकटा भाऊही पांढऱ्यात. चौकडी तेवढी एकट्या दौलतची.

"बारीक चौकडी तिला दिसंना झाली," नाना म्हणाले. "एक दिवस मी पार ओट्याशी गेलो तरी हाक नाय. मीच बोललो तव्हा दचकली. लय वाईट वाटलं तिला. मग पुढच्या खेपेला जरा मोठी घातली. तिनं गल्लीच्या तोंडालाच वळखलं. तव्हापासून थोडी थोडी वाढवतो. एकदम नाय, तिच्या ध्यानात येईल."

मी विचारलं, हे कधी सांगितलं का नाही कुणाला? कारखाना एवढा हसतो तुम्हाला.

"सांगितलं तर कीव करतील. त्यापरीस हसू दे," नाना म्हणाले. "हसणं टॉलरन्समध्ये असतं."

मग म्हणाले, "क्यालेंडर घरी येईल तव्हा ती हातात घेईल, साहेब. चार बायांना बोलावून बोट ठेवील, हा माझा दौलत. साध्या शर्टात बोट कुठं ठेवील?"

मी उगीच गाडीची किल्ली शोधली, जी हातातच होती. मग त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि निघालो.

लग्नात माझी त्या शर्टाने शोभा केली. मुलीच्या मामांनी मला वाढप्यांचा मुकादम समजून बाजूला घेतलं आणि जिलबी कमी पडतेय, लक्ष द्या, असा दम भरला. मी लक्ष देतो म्हटलं. खरं म्हणजे मला त्या दिवशी कुणीही काहीही समजलं असतं तरी चाललं असतं. रात्री घरी आल्यावर बायकोने शर्ट धुवायला घेतला आणि हा कुणाचा टेबलक्लॉथ उचलून आणलात म्हणून विचारलं. मी म्हटलं, नीट धू, आणि इस्त्री कडक कर.

सोमवारी कँटीनमध्ये पडदा लागला, दिवे लागले. सोनवणे कोट धरून उभे राहिले आणि फोटोग्राफरने हात खाली सोडा म्हटल्यावर कोट दोन्ही दिशांना पसरला. नंतर क्वालिटीचा नंबर आला. नाना निळ्या शर्टात रांगेत उभे होते. नियम म्हणजे नियम. मी त्यांना बाजूला घेतलं आणि पिशवी हातात दिली. त्यांनी आत बघितलं.

"साहेब, परिपत्रक."

मी म्हटलं, परिपत्रक मीच काढलंय, शर्ट बदला. ते लॉकरच्या मागे गेले आणि जेव्हा बाहेर आले तेव्हा आमचे नाना आले. रांगेतल्या लोकांनी सवयीने "वाढली" म्हटलं. फोटोग्राफरने कपाळाला हात लावला. बारीक चेक्स कॅमेऱ्यात मुंग्यांसारखे वळवळतात म्हणून त्याने मनाई केली होती, या एवढ्या चौकडीबद्दल काय म्हणावं हे त्याला ठरवता येईना. जरा हसा, तो म्हणाला. नानांनी विचारलं, किती, मिनिमम-मॅक्सिमम सांगा. ते त्याला ऐकू गेलं नाही, मी मोठ्याने सांगितलं, तेव्हा सगळी कँटीन हसली आणि त्या हसण्यात नानाही हसले. तोच फोटो निघाला. त्या फोटोत मिशीखाली दात दिसतात, ते मी पहिल्यांदाच पाहिले.

मॅडम मागे उभ्या राहून कॅमेऱ्याचा पडदा बघत होत्या. आता विचारतील, म्हणून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. खरं कारण सांगायचं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हे रोज असेच शर्ट घालतात?" मी म्हटलं, रोज. "मग राहू दे," मॅडम म्हणाल्या. माझी सगळी वाक्यं तशीच राहिली.

कॅलेंडर निघालं. क्वालिटी खातं ऑगस्टमध्ये. सगळे निळे, पांढरे, राखाडी आणि डावीकडून दुसरी लाल-काळी चौकडी. नाना पुढच्याच शनिवारी एक प्रत गावाला घेऊन गेले. सोमवारी आले तेव्हा मी विचारलं नाही, नुसता बघत राहिलो. त्यांनी जवळ येऊन सांगितलं की आईने कॅलेंडर हातात घेतलं, डोळ्यांपाशी नेलं आणि नाव सांगायच्या आत बोट ठेवलं. बोट बरोबर पडलं. मग शेजारणी आल्या, पुन्हा बोट ठेवलं. पाव्हणे आले, पुन्हा. ऑगस्टचं पान ती उलटू देत नाही. त्यामुळे त्यांच्या घरात सध्या बारा महिने ऑगस्ट चालू आहे आणि धाकट्या सुनेची एक संकष्टी चुकली. त्यावरून दोघींत जरा वाजलं. "टॉलरन्समध्ये," नाना म्हणाले.

परवा त्यांनी नवा शर्ट घातला. दिवाळी अजून लांब आहे. निळी-पिवळी चौकडी, छातीवर जेमतेम दीड मावलेली. नाना शॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, लोकांनी माना हलवल्या, "वाढली" म्हणाले आणि हसले. मी या वेळी हसलो नाही. चौकडी वाढली की गावाकडे काय कमी झालंय, हे आता मला वाचता येतं.

दुपारी चहाला मी त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, नाना, याच्याहून मोठी चौकडी मिळते का?

नानांनी चहा खाली ठेवला. दुकानदाराला विचारलं होतं म्हणाले. त्याने सांगितलं, शर्टाच्या कापडात ही शेवटची, याच्यापुढे फक्त चादरी.

"मग हो?"

नानांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वाकून काहीतरी म्हणाले. प्रेस चालू झाला होता, मला ऐकू आलं नाही. मी हाताने पुन्हा विचारलं. ते आणखी जवळ आले, मान तिरकी केली आणि पानावरून वारा जावा तसल्या त्या आवाजात म्हणाले,

"मग काय, फाट्यावर उतरलो की मोठ्यानं कुणाला तरी हाक मारायची. आवाजावरनं वळखंल, मला आधी तीच बोलावंल. सवय करतोय."